नळीत राहिलेला बार

लिल्या,

तुझ्या तेराव्याला मी रावेरला आलो होतो. जेवलोही. तुझ्या मावसभावानं आग्रह करून दोनदा वाढलं आणि मी दोन्ही वेळा ताट स्वच्छ केलं, कारण ताटात टाकलेलं तुला कधी खपलं नाही. अशा दिवशी माणसं काय बोलतात ते तुला माहीत आहे. फार शांत माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, हे नक्की कुणाबद्दल बोलतायत? माझा लीलाधर तर अध्यातही होता आणि मध्यातही. बंदुकीत दारू किती भरायची यावरून त्यानं माझ्याशी अख्खा उन्हाळा भांडण चालवलं होतं, आणि तेही अशा बंदुकीवरून, जी कागदाबाहेर कुठेच नव्हती.

तुझं वय, तुझी नोकरी, ती स्कूटर, तो ट्रक, हे सगळं पेपरात आलं. ते मला पुन्हा लिहायचं नाही. मला हैबतीबद्दल लिहायचंय. आणि आठ वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेली एक गोष्ट तुला सांगायचीय. तू नरडाण्याला होतास, मी धुळ्याला. एस.टी.नं तास-सव्वा तास. तरी सांगितली नाही. आता सांगतोय तर ऐकायला तू नाहीस, आणि हे लिहितानाही मला सारखं वाटतंय की तू मध्येच तोडशील आणि म्हणशील, "सुरुवातीपासून सांग ना भो, घाई काय तुला?"

तर सुरुवातीपासून.

जळगावला आपण एका खोलीत राहायचो. तू डिप्लोमाला, मी बी.एस्सी.ला. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि मार्चपासून पुढे खोलीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. एका रविवारी तू रद्दीच्या दुकानातून घामाघूम होऊन आलास आणि एक पुस्तक माझ्या पुढ्यात टाकलंस. परदेशातून गठ्ठ्यांनी येणाऱ्या रद्दीत ते आलं होतं. कव्हर नव्हतं, पहिली काही पानं नव्हती, शेवटचीही नव्हती. आत राक्षसांची चित्रं आणि आकड्यांचे तक्ते. आपल्याला वाटलं गोष्टीचं पुस्तक असेल. आठवडाभर डिक्शनरी घेऊन झगडल्यावर कळलं की हा खेळ आहे.

किती अजब खेळ होता तो. एकानं पंच व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस कागदावर उभा करायचा, आणि तो माणूस काय करतो ते बोलून सांगायचं. केलेलं साधलं की फसलं, हे फासा ठरवणार. फासा वीस बाजूंचा. जळगावात सहा बाजूंचा सोडून दुसरा फासा कुणी पाहिला होता? मी धुळ्याहून आईच्या महिला मंडळाच्या बंद पडलेल्या हाऊजीतले एक ते वीस आकडे उचलून आणले, प्लास्टिकचे, बटणाएवढे. तू त्यांना खाकी कापडाची पिशवी शिवलीस. फासा टाकायच्या ऐवजी आपण पिशवीत हात घालून आकडा काढायचो आणि परत आत टाकायचो.

पंच मी झालो, कारण मला नियम आवडायचे. तू खेळाडू झालास, कारण तुला नियम मोडून बघायला आवडायचं. तिसरा ईश्वर. तो चाळीसगावहून दर रविवारी गाडीनं यायचा, मांत्रिक व्हायचा, पहिल्या तासात सगळे मंत्र संपवायचा आणि कूलरसमोर झोपून जायचा.

आई एकदा खोलीवर आली होती, आठवतं? दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हाऊ कोणता खेळ शे रे बा? ना पट, ना पत्ता. बठ्ठा दिन नुसता बोली राहिनात."

तू म्हणालास, "मावशी, हा बोलायचाच खेळ आहे."

"मंग तुले मस्त जमी," ती म्हणाली आणि भरताची वांगी भाजायला बसली. त्या दिवशी आपण तिघांनी मिळून किती भाकरी खाल्ल्या हे ती अजून पाहुण्यांना सांगते.

माणूस कागदावर उभा करायचा म्हणजे आधी सहा आकडे काढायचे आणि ते सहा गुणांत वाटायचे. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि माणसाची समोरच्यावर पडणारी छाप. लढवय्या करायचा तर सर्वांत मोठा आकडा ताकदीला द्यायचा, एवढी साधी गोष्ट. तुला सतरा आला होता. तो तू चपळाईला दिलास आणि ताकदीला ठेवलेस नऊ.

मी म्हणालो, "नऊ ताकदीचा लढवय्या? याला तलवार उचलायची नाही."

"त्याला तलवार उचलायचीच नाही."

"मग?"

"बंदूक."

मी हसलो. मग तू हसत नाहीस असं दिसल्यावर पुस्तक उघडलं. शस्त्रांची यादी दाखवली. भाले, गोफण, धनुष्यं, कुऱ्हाडी. "बंदूक नाही यात," मी म्हणालो.

"यादी अर्धीच आहे. पुढचं पान फाटलंय."

"फाटलेल्या पानावर बंदूक होती हे तुला कसं माहीत?"

"नव्हती हे तुला कसं माहीत?"

त्या पानावर काय होतं ते आपल्याला कधीच कळलं नाही. पण माझा खरा आक्षेप पुस्तकाचा नव्हताच. मला वाटायचं, बंदूक आली की शौर्य संपलं. तलवारवाल्याला राक्षसाच्या जवळ जावं लागतं, त्याच्या तोंडाचा वास येईल इतकं. बंदूकवाला लांब उभा राहून बोट वाकवतो आणि मोकळा होतो. हे मी मोठ्या ऐटीत बोललो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "तू कधी भरली आहे का बंदूक? येत्या रविवारी चल रावेरला. नानाची आहे."

नाना म्हणजे तुझे काका. केळीच्या बागेत रानडुकरं घुसायची म्हणून त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, परवान्याची. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी आत ठासून भरायची, तशी. नाना मळ्यात बांधावर बसले होते. आपल्याला बघून म्हणाले, "बंदूक पाह्याले आले? पाह्याची नसते ती. भराची असते."

मग त्यांनी भरून दाखवली. "पहिले दारू. मंग बोया. मंग गोयी." दारू मापून नळीत, वर चिंधीचा बोळा, तो लोखंडी गजानं ठासायचा, मग गोळी, वर पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं, आणि शेवटी मागच्या बाजूला पितळेची टोपी बसवायची, जिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडते. एवढं सगळं मिळून झाला एक बार. तू घड्याळ लावून बसला होतास. नानांना पाऊण मिनिट लागलं. तुला सव्वा. मला दोन मिनिटं लागली, आणि अर्धी दारू माझ्या चपलेवर सांडली.

"आता समज की समोरून डुक्कर येतंय," तू म्हणालास. "सांग, शौर्य लागते का नाही?"

मी चपलेवरची दारू झटकायला लागलो. तुला ते पुरलं.

मग नानांनी बांधाच्या मातीवर नेम धरून घोडा ओढला. टक्. काहीच झालं नाही. मी आपला पुढे झालो, काय झालं ते बघायला. नाना ओरडले, "जाग्यावर राह्य!" इतक्या जोरात की माझे पाय जमिनीत रुतले. त्यांनी नळी बांधावरून जराही हलवली नव्हती. हळू आवाजात म्हणाले, "नाही उडाली म्हनजे रिकामी नाही झाली. भरेल हाये ती. शंभर मोज."

आपण तिघांनी मोठ्यानं शंभर मोजले. आत ठिणगी दबा धरून असेल तर उशिरानंही पेटते, म्हणून. शंभर झाल्यावर नानांनी टोपी बदलली, पुन्हा घोडा ओढला आणि असा आवाज झाला की बागेतले सगळे बगळे उठले. माझे कान संध्याकाळपर्यंत गुणगुणत होते. परतीच्या गाडीत तू वहीत काहीतरी लिहीत होतास आणि मी कानात बोटं घालून बसलो होतो.

त्या वहीतून हैबती झाला. हैबती ठासणीवाला, राहणार रावेर. तुझ्यासारखा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही, लिल्या. बाकीचे आपल्या माणसाला जास्तीत जास्त बळकट करायला बघतात. तू नियम लिहिलेस ते सगळे हैबतीच्या मुळावर येणारे. भरायला तीन पाळ्या लागणार. तोवर दुसऱ्या कुणीतरी त्याला पाठीशी घालायचं. आवाजानं आसपासचे सगळे जागे होणार. पावसात दारू भिजणार. बार नाही उडाला तर शंभर मोजायचे, आणि बंदूक भरलेलीच समजायची. मी म्हणालो, "लेका, याला जगायचंय की नाही?" तू म्हणालास, "जगायचंय, पण खरंखुरं."

आणि एक नियम तू असा घातलास जो मी मागितलाच नव्हता. बाकी सगळे आकडे खेळाडू स्वतः काढतो, पण बंदुकीचा आकडा पंचानं काढायचा, तोही आडोशामागे, कुणाला न दाखवता. "घोडा ओढणाऱ्याला नळीत काय चाललंय ते दिसत नसतं," तू म्हणालास. "पंच सांगेल ते खरं." आडोसा म्हणून तू तुझा ड्रॉइंग बोर्ड माझ्यापुढे उभा करून दिलास. ते तू किती सहज केलंस. मी आता रोज त्याचा विचार करतो.

दोन वर्षांचे रविवार. ते दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही, पण तुकडे आठवतात. मी बर्फाचा प्रदेश सांगतोय, नद्या गोठलेल्या, आणि हैबती आपली दारू कोरडी राहावी म्हणून ती केळीच्या खोडाच्या सोपटात गुंडाळतोय. मी वैतागून म्हणतो, "या देशात केळी नसते." तू शांतपणे म्हणतोस, "नसेल. हैबती येताना घेऊन आलाय." एका लढाईत त्याच्याकडे एकच बार होता आणि समोर झोपलेला पहारेकरी. तू नेम धरलास, मग म्हणालास, "नाही. झोपलेल्यावर नाही उडवणार." मी म्हणालो, अरे, हा खेळ आहे. तू म्हणालास, "म्हणून काय झालं?" बाहेर गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, वरचे पत्रे कडकड वाजत होते, ईश्वर घोरत होता, आणि तू त्या कागदी पहारेकऱ्याला ओलांडून दबक्या पावलांनी पुढे जायची खटपट करत होतास.

मला ती दुपार परत हवी आहे. कुठलीही एक. जिच्यात काहीही घडलं नाही अशी असली तरी चालेल.

आता त्या शेवटच्या रविवारकडे येतो. इथवर लिहिताना माझा हात चालत होता, आता अडतोय.

दोन वर्षं मी तुम्हाला एका खिंडीकडे नेत होतो. खिंडीत दगडाचा राक्षस, खिंडीपलीकडे नगर, नगराचं दार उघडलं की गोष्ट संपली. राक्षसाला कुठेच काही लागत नाही, फक्त डोळ्यात लागतं. मी हिशोब असा केला होता की त्याला पाडायला तुम्हाला अजून चार-पाच रविवार लागतील.

तू आलास, दारात चपला काढल्यास आणि म्हणालास, "बुधवारी नरडाण्याला हजर व्हायचंय. लेटर आलं." ईश्वरनं तुझ्या पाठीत धपाटा घातला. मीही अभिनंदन केलं. तू नोकरीला जाणार हे मला माहीत होतं, सगळेच जाणार होतो. पण बुधवारी? या बुधवारी?

आपण बसलो. दोन तासांत तुम्ही खिंडीत पोचलात. हैबतीनं सगळी पूर्वतयारी केलेली. ईश्वरच्या मांत्रिकानं उरलेला एकमेव मंत्र टाकून राक्षसाला जागेवर धरून ठेवलं आणि त्या तीन पाळ्यांत हैबतीनं बार भरला. शेवटचाच होता. तू डोळ्यावर नेम धरलास. नियमानं अठरा किंवा वर हवे होते. वीस आकड्यांत तीन. मला वाटलं, नाही येणार. मी निर्धास्त होतो.

मी ड्रॉइंग बोर्डाच्या आडोशाला पिशवीत हात घातला. अठरा आला.

मी तो आकडा बघत राहिलो. आता राक्षस पडणार. मग दार उघडणार. मग गोष्ट संपणार आणि तू बुधवारी जाणार, आणि तुला परत बोलवायला माझ्याकडे काही राहणार नाही. मला वाटलं, अर्धवट गोष्ट सोडून कुणी कायमचं जात नाही. राक्षस उभा राहिला तर तू सुटीत येशील, दिवाळीला येशील, येऊन या फरशीवर बसशील. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी अठरा शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हणालो, "फुस्स. बार नाही उडाला."

तू मान हलवलीस. तुला राग आला नाही. तू पुटपुटत शंभर मोजायला लागलास. तिथेच मी थांबायला हवं होतं. तू टोपी बदलली असतीस, मी पुन्हा आकडा काढला असता. पण पुन्हा काढला आणि पुन्हा लागला तर? मी घाबरलो, आणि घाबरलेला पंच जास्त कडक होतो. मी म्हणालो, "मोजतोस काय? बार गेला. बंदूक टाक, कोयता काढ."

"गेला कसा? नाही उडाला म्हणजे नळीत आहे. नानाचा नियम."

"इथे नानाचा नियम चालत नाही. पंच मी आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस. इतकी वर्षं झाली तरी ती नजर मला जशीच्या तशी दिसते. "आकडा दाखव," तू म्हणालास.

"पिशवीत टाकला."

तू हात पुढे करून पिशवी घेतलीस. ईश्वर उठून बसला होता. पिशवी ओतून आकडे मोजायला तुला किती वेळ लागला असता? एकोणीस भरले असते आणि माझं पितळ उघडं पडलं असतं. खिशातला अठरा मला छातीला टोचत होता. तू पिशवी हातात तोलत राहिलास. मग ती फरशीवर ठेवलीस.

"पंचावर भरवसा नसेल तर खेळायचं कशाला, भो," तू म्हणालास. कागद वहीत घातलास, चपला घातल्यास आणि सामान बांधायला लागणारी सुतळी आणायला म्हणून बाहेर गेलास. बुधवारी सकाळी मी तुला स्टेशनवर सोडायला आलो. आपण बाकी सगळ्या गोष्टी बोललो. गाडी वेळेवर होती.

त्या वाक्याचा अर्थ मी आठ वर्षं लावतोय. भरवसा होता म्हणून तू मोजलं नाहीस, की भरवसा उडाला म्हणून खेळणं सोडलंस? तू पुन्हा कधी खेळला नाहीस. मी ज्या भीतीनं खोटं बोललो, तीच गोष्ट माझ्या खोट्यानं झाली.

बाकीचे एकोणीस आकडे मी आईला परत दिले. मंडळ पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच हाऊजीला बोंब झाली. "अठरा कथा गया रे?" आई विचारत राहिली. मी म्हणालो, हरवला. ज्या बाईच्या तिकिटावर अठरा असे, तिची ओळ कधी पूर्ण होत नसे, आणि ती आईशी दोन-दोन दिवस बोलत नसे. शेवटी आईनं पुठ्ठ्याचा अठरा कापून घेतला. खरा माझ्या टेबलाच्या खणात होता.

तुला सांगायचे प्रसंग काय कमी आले? तू नरडाण्याहून एक पोस्टकार्ड पाठवलं होतंस. पाणी क्षाराचं आहे, मेसमधली भाजी बरी आहे, आणि खाली कोपऱ्यात, "हैबती कसा आहे?" मी चार पानी उत्तर लिहिलं. शाळेतली नोकरी लागली ते, आईचे गुडघे, ईश्वरचं लग्न, धुळ्यातलं ऊन. हैबतीबद्दल एक ओळ नाही. तुझ्या लग्नात मी अठरा मुठीत धरून स्टेजवर चढलो होतो. तुझ्या हातात द्यायचा आणि कानात सांगायचं असं ठरवून. फोटोग्राफर ओरडला, "इकडे बघा, इकडे," आपण इकडे बघितलं, मागून तुझ्या सासरचे लोक आले आणि मी दुसऱ्या बाजूनं उतरलो. अल्बममध्ये बघ, माझी डावी मूठ बंद आहे.

नंतर आपण भेटायचो ते धुळ्याच्या स्टँडवर, पाच-दहा मिनिटं. चहा घ्यायचो. तू माझ्या शाळेचं विचारायचास, मी तुझ्या मशिनींचं. तुला गाडी लागली की तू खिडकीतून हात करायचास. मला दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला. मी मोठा शहाणा, वर्गात पोरांना सांगतो की उदाहरण सोडवताना पायरी गाळू नका.

तेराव्याला पंगती उठल्यावर मी नानांपाशी ओट्यावर बसलो. फार थकलेत. कानानं कमी ऐकू येतं, पण मला ओळखलं. म्हणाले, "तू तो, चपलीवर दारू सांडेल." मी हो म्हणालो. बंदुकीचं विचारलं तर म्हणाले, "इलेक्शनले ठान्यात जमा केली होती. आता नाही आनत परत. कोनासाठी आनू?" समोर बागेतून केळीचा ट्रक भरून निघत होता, पोरं घड मोजून देत होती. तुझ्याशिवाय सगळं चाललं होतं, याचा मला राग आला.

मग वहिनी आत बोलवायला आल्या. त्यांनी कपाटातून तुझी वही काढून माझ्या हातात दिली. पाठीमागच्या पानावर नानांचे नियम, पेन्सिलीनं. मधे हैबतीचं पान. ताकद नऊ, चपळाई सतरा. आणि खाली, सामानाच्या यादीच्या शेवटी, तुझ्या डिप्लोमावाल्या ठसठशीत अक्षरात:

बार – नळीत १.

मी म्हणालो होतो, बार गेला. तू खोडला नव्हतास. आठ वर्षं तो तिथेच होता.

वहिनी म्हणाल्या, "ते सांगायचे मला ही गोष्ट. तो माणूस खिंडीत उभा आहे, बंदूक धरून. मी विचारायची, मग पुढे काय झालं? तर म्हणायचे, निकाल पंचाजवळ आहे. मी म्हणायची, मग विचारा ना पंचाला, धुळ्यालाच तर राहतात. तर म्हणायचे, पंचाला विचारायचं नसतं. पंच सांगतो."

मी वही घेऊन मागच्या दारानं बाहेर पडलो. बागेत शिरलो आणि रडलो, लिल्या. पंगतीत नाही रडलो, तुझा फोटो बघून नाही रडलो. तुला ठाऊक होतं. पिशवी हातात तोलतानाच ठाऊक होतं. आकडे ओतून मोजले असतेस तर मी उघडा पडलो असतो, म्हणून तू ती खाली ठेवलीस आणि माझी वाट बघत बसलास. आणि मी तुला चहा पाजत राहिलो.

आज रविवार आहे. दुपारचे तीन वाजलेत, आपली वेळ. कूलर चालू आहे. आईला मी सगळं सांगितलं, अठराचंही. मला वाटलं रागावेल. ती नुसती म्हणाली, "तू त्याले सांगं का?" मी म्हणालो, आता सांगतो. तुझी वही समोर उघडी आहे आणि खणातून काढलेला अठरा मी हैबतीच्या पानावर ठेवलाय. आडोसा काही नाही.

पंच सांगतो, ऐक.

शंभर मोजून झाले. हैबतीनं टोपी बदलली. राक्षस अजून जागेवर आहे, कारण ईश्वरचा मंत्र टिकलाय, निदान एकदा तरी. हैबतीनं घोडा ओढला. आकडा अठरा. बार उडाला. खिंडीतले सगळे पक्षी उठले. गोळी डोळ्यात लागली. राक्षस पडला, अगदी सावकाश, मग धूळ खाली बसली. पलीकडे नगराचं दार दिसतंय. दारामागे काय आहे ते मी तेव्हा ठरवलंच नव्हतं, हेही आज कबूल करतो. मला फक्त तुम्हाला तिथवर चालवत ठेवायचं होतं. आता तू आधी आत जा. मी आणि ईश्वर येतो मागून.

फार वेळ उभा ठेवला तुला. हात दुखले असतील. ती नळी आता खाली घे, लिल्या. रिकामी झाली.